चार ओळींचा शोध

मारेगाव तालुक्यातल्या कोणत्याही जिल्हा परिषद शाळेचे कपाट उघडा, हिशेबाची वाण दिसत नाही. दाखलखारीज रजिस्टर, हजेरीपट, पोषण आहाराची नोंदवही, पाठ्यपुस्तकांच्या आणि गणवेशांच्या याद्या, शिष्यवृत्तीचे अर्ज. पटावर किती, हजर किती, कापूस वेचणीच्या दिवसांत गळालेले किती, हे सारे तारीखवार सापडते. या शतकाच्या आरंभीही ते तसेच सापडत होते. मात्र त्या काळी एका साध्या प्रश्नाचे उत्तर त्या कपाटात नव्हते, यवतमाळच्या जिल्हा परिषदेत नव्हते, पुण्याच्या संचालनालयात नव्हते आणि दिल्लीच्या मंत्रालयातही नव्हते. पटावरच्या मुलांपैकी वाचता किती जणांना येते? परीक्षा होत होत्या, निकाल लागत होते, पाहण्यांतून सरासरी गुणही निघत होते. पण या गावातल्या या मुलाला साधा परिच्छेद वाचता येतो की नाही, हे त्यातल्या एकाही आकड्यातून कळत नव्हते.

उत्तराचा शोध मुंबईत सुरू झाला, आणि तो सुरू करणारा माणूस शिक्षणशास्त्राचा नव्हता. माधव चव्हाण हे रसायनशास्त्रज्ञ. लाल निशाण पक्षाचे नेते यशवंत चव्हाण यांचे ते चिरंजीव. अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठात डॉक्टरेट मिळवून ते परतले आणि माटुंग्याच्या यूडीसीटी या रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत शिकवू लागले. १९८९ मध्ये राष्ट्रीय साक्षरता मिशनच्या कामाने त्यांना प्रयोगशाळेतून खेचून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत आणले, आणि मग ते तिथलेच झाले. १९९४ मध्ये युनिसेफच्या पुढाकाराने आणि मुंबई महापालिकेच्या साथीने 'प्रथम' ही संस्था उभी राहिली. निर्मला निकेतनमध्ये समाजकार्य शिकवणाऱ्या फरिदा लांबे आणि चव्हाण हे तिचे संस्थापक. इमारत नाही, निधी तुटपुंजा. मग वस्तीतलीच एखादी शिकलेली मुलगी स्वतःच्या खोलीत, देवळाच्या ओट्यावर, मंडळाच्या कार्यालयात बालवाडी भरवू लागली. पुढच्या साऱ्या वाटचालीचे बीज इथेच पडले: शिकवायला वस्तीतली माणसे चालतात, आणि जागेसाठी अडून राहायचे नसते.

दोन वर्षांनी रुक्मिणी बॅनर्जी येऊन मिळाल्या. ऑक्सफर्डला शिकलेल्या, शिकागोत डॉक्टरेट केलेल्या या अर्थतज्ज्ञ बाई मुंबईच्या गल्ल्या पायाखाली घालू लागल्या. मुले शाळेत आणणे हे तेव्हाचे ध्येय होते, आणि मुले येतही होती. त्यानंतर पहिला तडाखा बसला. महापालिकेच्या शाळांत तिसरी-चौथीत बसलेली कितीतरी मुले वाचू शकत नव्हती. फळ्यावरचे वळणदार अक्षरात उतरवून काढायची, बाईंच्या मागोमाग सुरात म्हणायची, पण छापलेली ओळ समोर धरली की गप्प व्हायची. शाळेत नाव घातले म्हणजे शिक्षण झाले, हे देशभर धरून चाललेले गृहीतक त्या वर्गखोल्यांत कोसळत होते.

उपाय म्हणून १९९८ मध्ये 'बालसखी' आली. दहावीपर्यंत शिकलेली वस्तीतली तरुणी मागे पडलेली पंधरा-वीस मुले वर्गाबाहेर घेऊन बसे आणि रोज दोन तास त्यांना अगदी मुळापासून शिकवी. हे काम उपयोगी ठरते का, याची कठोर परीक्षा घेण्याचे धाडस संस्थेने स्वतःहून पत्करले. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांचे सहकारी यांनी मुंबई व बडोदा इथल्या शाळा सोडतीने वाटल्या. काही शाळांत बालसखी एका इयत्तेला दिली, काहींत दुसऱ्या इयत्तेला, आणि सर्वांच्या चाचण्या घेतल्या. बडोद्यात तिसरीतल्या दर पाच मुलांपैकी जेमतेम एकाला पहिलीचे गणित येत होते. आकडा विदारक होता, पण त्यासोबत दिलासाही आला. बालसखीचा फायदा स्पष्ट दिसत होता, आणि सर्वांत मागे असलेल्या मुलांना तो सर्वाधिक होत होता.

रोग कळला, औषधही लागू पडते आहे असे दिसले. तरी एक अडचण मुळापाशी रुतून बसली होती. रोग ओळखायचा कसा? संशोधकांची लेखी चाचणी लांबलचक होती. ती तपासायला प्रशिक्षित माणसे लागत आणि निकाल हाती येईपर्यंत दिवस लोटत. उद्या सकाळी वर्गात उभी राहणारी दहावी पास मुलगी तिचे काय करणार? कोणाला अक्षरांपासून सुरुवात करून द्यायची आणि कोणाला गोष्टीचे पुस्तक द्यायचे, हे तिला आज, आत्ता, इथे बसून ठरवायचे होते.

आणि लेखी परीक्षेत एक याहून खोल खोट होती. इतकी उघड, की शंभर वर्षे कोणाला ती बोचली नव्हती. ज्याला वाचता येत नाही, त्याला प्रश्नच वाचता येत नाही. तो कोरा कागद देतो. त्या कोऱ्या कागदावर परीक्षक शून्य लिहितो, आणि ते शून्य काहीच सांगत नाही. या मुलाला अक्षरे येतात का? शब्द लागतात का? एका ओळीपर्यंत पोहोचून तो दमतो का? अक्षरओळखही नसलेला मुलगा आणि वाचनाच्या उंबरठ्यावर आलेली मुलगी, दोघांच्या प्रगतिपुस्तकात तोच भोपळा. परीक्षेची उतरंड वरच्या टोकाने रचलेली होती, आणि निम्मी मुले तिच्या पहिल्या पायरीच्याही खाली उभी होती.

२००२च्या आसपास 'प्रथम'ने झपाट्याने वाचन शिकवण्याच्या मोहिमा हाती घेतल्या. भिंतीवर बाराखडीचा तक्ता, हातात छोट्या गोष्टी, आणि मुले इयत्तेप्रमाणे न बसवता त्यांना जे येते त्याप्रमाणे बसवलेली. या मोहिमांच्या रेट्यात हवे ते हत्यार घडत गेले. ते घडवणाऱ्यांनी पेन-पेन्सिल बाजूला ठेवली. मुलाला शेजारी बसवायचे, एक कागद पुढे करायचा आणि म्हणायचे, वाच.

तो कागद या साऱ्या कथेचा प्राण आहे, म्हणून तो नीट पाहावा. त्यावर चार गोष्टी असतात: काही सुटी अक्षरे, काही सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. सुरुवात अक्षरांपासून होत नाही, परिच्छेदापासून होते. चार ओळी मुलाने वाक्ये वाचल्यासारख्या वाचल्या, तर गोष्ट पुढे येते. शब्दाशब्दाला ठेचकाळला, तर शब्दांकडे उतरायचे. पाच शब्दांपैकी चारही जमले नाहीत, तर अक्षरांकडे. मूल जिथे टेकते, ती त्याची पातळी. गणितालाही असाच जिना: एकअंकी संख्या, दोनअंकी संख्या, हातच्याची वजाबाकी, तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागाकार. गुण नाहीत, टक्के नाहीत, नापास नाही.

परिच्छेद पाठ्यपुस्तकातला असून चालत नाही, कारण आपली मुले पाठांतरात पटाईत. पुस्तकातला धडा अनेकांना पान न पाहता येतो. तोंड तिसऱ्या ओळीवर पोहोचलेले असते, बोट पहिल्याच ओळीवर फिरत असते. अनोळखी चार ओळी पुढे आल्या की बोट आणि तोंड एकत्र चालावे लागते, आणि सत्य बाहेर पडते. हे सत्य पाहायला तज्ज्ञ लागत नाही. ज्याला स्वतःला वाचता येते तो कोणीही शेजारी बसून ते ऐकू शकतो. माझ्या मते शोधाचा खरा क्षण हाच. मोजमाप तज्ज्ञांच्या कपाटातून निघाले आणि अंगणात आले.

२००५ साल उजाडले. सर्व शिक्षा अभियानावर प्रचंड पैसा ओतला जात होता, आणि शिक्षणासाठी दोन टक्के उपकर आदल्याच वर्षी लागू झाला होता. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पी भाषणात अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनीच बजावले की खर्च केला म्हणजे फलित मिळालेच असे नाही. मग फलित कोण मोजणार? 'प्रथम'ने ठरवले, आपण मोजू. एका जिल्ह्यात नाही, साऱ्या ग्रामीण भारतात. दरवर्षी. सरकारच्या पैशावर नाही, आणि सरकारच्या परवानगीची वाट पाहत तर मुळीच नाही. पाहणीला नाव मिळाले 'असर'.

हे वेड होते. सुमारे ६०० जिल्हे, डझनावारी भाषा, आणि पगारी तपासनीस एकही नाही. त्यांच्या जागी जिल्ह्याजिल्ह्यातली महाविद्यालये, स्वयंसेवी संस्था, तरुण मंडळे, अध्यापक विद्यालयांचे विद्यार्थी उभे राहिले. पहिल्या वर्षी दर जिल्ह्यात जनगणनेच्या यादीतून वीस गावे शास्त्रशुद्ध सोडतीने निघाली. पुढल्या वर्षापासून ती तीस झाली. गावात जोडीने जायचे, आधी गावकऱ्यांच्या मदतीने मातीवर किंवा कागदावर गावाचा नकाशा काढायचा, त्याचे चार भाग करायचे, आणि प्रत्येक भागात दर पाचवे घर गाठत गावात एकूण वीस घरे पुरी करायची. घरी जायचे, तेही रविवारी. कारण शाळेत फक्त हजर मूल भेटते. घरी गैरहजर, शाळा सोडलेले, खासगी शाळेत जाणारे असे सगळेच भेटतात.

यवतमाळसारख्या जिल्ह्यात याचा अर्थ काय होतो, हे इकडच्या माणसाला सांगावे लागत नाही. पाहणीचे महिने नेमके कापूस वेचणीचे. मारेगाव, झरी जामणी, केळापूर, वणी या पट्ट्यात त्या दिवसांत घरे दुपारभर ओस असतात, आई-बाप आणि पुष्कळदा थोरली मुलगीही शेतात. घरी भेटायचे तर सकाळी लवकर नाहीतर दिवे लागणीला. आणि हा तो काळ होता, जेव्हा यवतमाळचे नाव देशभर शेतकरी आत्महत्यांच्या आकड्यांपायी घेतले जात होते. मरणाची मोजणी दिल्लीपर्यंत पोहोचत होती. त्याच घरांतली मुले शाळेतून काय घेऊन परततात, हे तोवर कोणी दारात येऊन विचारले नव्हते.

जानेवारी २००६ मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला. तीन लाखांहून अधिक मुलांना तपासले गेले होते. नव्वद टक्क्यांहून अधिक मुलांची नावे शाळेत होती. देशाला अभिमान वाटावा असा तो आकडा होता, आणि त्याच्या पुढच्याच पानावर त्या अभिमानाची राख होत होती. ७ ते १४ वयोगटातल्या जवळपास ३५ टक्के मुलांना पहिलीच्या पातळीच्या त्या चार ओळी वाचता येत नव्हत्या. दुसरीच्या पातळीची गोष्ट सुमारे ६० टक्के मुलांना जमली नव्हती.

गदारोळ उडणे अटळ होते. स्वयंसेवकांनी केलेली पाहणी कशी मानायची? चार ओळी म्हणजे काय सारे शिक्षण? इतिहास, विज्ञान, चित्रकला, मुलाची जिज्ञासा, ती कुठे मोजली? या आक्षेपांतला शेवटचा खराच आहे. पण वाचता न येणाऱ्या मुलासाठी इतिहासाचे पुस्तक आणि विज्ञानाचे पुस्तक यांत फरक नसतो, दोन्ही मिटलेलीच. 'असर'ने उत्तर देत बसण्याऐवजी पुढल्या वर्षी पुन्हा तीच पाहणी केली. आणि त्याच्या पुढल्या वर्षीही.

तोवर 'प्रथम'ला एका वेगळ्याच पराभवाने गाठले होते, आणि तो बाहेरच्यांनी दिलेला नव्हता. साऱ्यांची समजूत अशी की सत्य समोर आले की गाव खडबडून जागे होईल. पालक शाळेत जाब विचारतील, शिक्षक हलतील. उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात, २००५-०६ मध्ये, संशोधकांनी हे पारखायचे ठरवले. २८० गावे घेतली. काही गावांत सभा घेऊन ग्रामशिक्षण समितीचे अधिकार समजावले. काही गावांत त्याशिवाय लोकांना तो कागद दिला आणि आपल्या मुलांची पातळी आपणच तपासायला शिकवले. तिसऱ्या गटात या दोन्हींच्या जोडीला गावातल्या तरुणांना वाचनवर्ग कसे चालवायचे ते दाखवले.

निकाल हाती आले तेव्हा पहिले दोन गट जागचे हललेले नव्हते. सभा झाल्या, आकडे कळले, आणि शाळा आहे तशीच राहिली. वजनकाट्यावर वारंवार उभे केल्याने मूल बाळसे धरत नाही, हे इतक्या स्वच्छपणे क्वचितच कोणी सिद्ध केले असेल, तेही स्वतःच्याच आशेविरुद्ध. पण तिसऱ्या गटात चमत्कार घडला होता. गावोगाव तरुण पुढे आले, संध्याकाळी बिनमोबदला वर्ग भरले, आणि त्या वर्गांत आलेली मुले झरझर पुढे सरकली. दुःख इतकेच की अशी मुले थोडी होती. गावातल्या शंभर मुलांपैकी जेमतेम आठ त्या वर्गांपर्यंत पोहोचली.

म्हणजे बाकीच्यांसाठी शाळेतच शिरायला हवे होते. २००८च्या उन्हाळ्यात बिहारमध्ये सरकारी शिक्षकांनी सुट्टीतल्या शिबिरात हीच पद्धत वापरली. महिनाभरात मुले पुढे गेली. जून उलटला, शाळा भरली, तेच शिक्षक, तेच साहित्य, तेच प्रशिक्षण, आणि परिणाम विरून गेला! हे कोडे संशोधकांना बराच काळ छळत राहिले. उत्तर शेवटी शिक्षकाच्या टेबलावरच सापडले. तिथे पाठ्यपुस्तक होते, आणि ते वर्षअखेर संपवायचे होते. उन्हाळ्यात शिक्षकापुढे मूल होते. जूननंतर त्याच्यापुढे अभ्यासक्रम आला. हरियाणात २०१२-१३ मध्ये मग सरळ दिवसातला एक तास वेगळा काढला. त्या तासात इयत्ता विसरायच्या, मुले पातळीप्रमाणे बसवायची, पुस्तक बंद. आणि या वेळी शाळेच्या आत, सरकारी शिक्षकांच्या हातून, मुले वाचायला शिकली. पाठोपाठ उत्तर प्रदेशात ५० दिवसांच्या शिबिरांनी असे काम केले की शिबिर झालेल्या शाळांत वाचणाऱ्या मुलांचे प्रमाण इतर शाळांच्या दुप्पट झाले. मोजणे आणि शिकवणे यांच्यात तुटलेली कडी अखेर सांधली गेली.

मुंबईच्या वस्तीत घडलेला कागद आता देशोदेशी फिरू लागला. पाकिस्तानने 'असर' हेच नाव घेतले, केनिया, टांझानिया व युगांडात 'उवेझो' सुरू झाले, पुढे माली, सेनेगल, मेक्सिको. २०१९ मध्ये अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना नोबेल पारितोषिक जाहीर झाले, तेव्हा अशा पूरक शिकवणीचा लाभ झालेल्या ५० लाखांहून अधिक भारतीय मुलांचा उल्लेख निवेदनात होता. बालसखी म्हणून पाच-सातशे रुपये महिन्यावर राबलेल्या त्या मुलींची नावे कोणत्याही निवेदनात नाहीत. माझ्या लेखी या शोधातला मोठा वाटा त्यांचा आहे.

महाराष्ट्रानेही आपली वाट काढली. २०१०च्या ऑगस्टमध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, २२ जून २०१५च्या शासन निर्णयाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम आणि त्यासोबत पायाभूत चाचण्या आल्या. आता वर्षाला एक पायाभूत आणि दोन संकलित चाचण्या होतात. मधूनच राष्ट्रीय सर्वेक्षण येते. २०२१ मध्ये एक झाले, ४ डिसेंबर २०२४ला 'परख'चे झाले. गुण ऑनलाइन भरले जातात आणि पुण्याकडे जातात. मोजमापाचा आता तुटवडा नाही. तरीही महासाथीत शाळा मिटल्या, आणि त्यांनी काय नेले ते पुन्हा त्या जुन्या कागदानेच सांगितले. पाचवीतली, दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचणारी मुले देशात २०१८ मध्ये ५०.५ टक्के होती, २०२२ मध्ये ४२.८ झाली आणि २०२४ मध्ये ४८.८वर परतली. पंचवीस वर्षांच्या या धडपडीनंतरही निम्मी मुले बाकी आहेत.

मारेगावचा स्वतंत्र आकडा मात्र या अहवालांत शोधून सापडणार नाही. नमुना जिल्ह्यासाठी काढलेला, तोही काही शे घरांचा. तालुक्याविषयी, एखाद्या शाळेविषयी तो बोलू शकत नाही. तो आकडा तालुक्याने स्वतः काढावा लागेल, आणि ते अवघड नाही. दोन शिक्षकांच्या, तीस-पस्तीस पटाच्या शाळेत सगळी मुले एका दिवसात तपासून होतात. दिल्लीहून आलेला आकडा वर्तमानपत्रात छापला जातो. शाळेत काढलेल्या आकड्याला मात्र प्रत्येक मुलाचे नाव असते, आणि दुसऱ्या दिवशी कोणाला कुठे बसवायचे ते त्यावरून ठरते.

एक काम मात्र या कागदाकडून राहिले आहे, आणि ते मारेगावसारख्या ठिकाणीच पुरे होऊ शकते. तालुक्यातल्या कोलाम पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, घरात कोलामी बोलली जाते, गोंड वस्त्यांत गोंडी. दोन्ही द्राविडी कुळातल्या. शाळेच्या मराठीशी त्यांचे नाते नाही. पोडावरची दुसरीतली मुलगी मराठी परिच्छेदाच्या दुसऱ्या ओळीवर थांबते, तेव्हा कागद तिला 'शब्द' पातळीवर नोंदवतो. तिचे वाचन थांबले की मराठी थांबली, हे त्याला ओळखता येत नाही. त्यासाठी तीच चार वाक्ये कोलामीत, देवनागरीत लिहून तिच्यापुढे ठेवावी लागतील, आणि ऐकायला कोलामी जाणणारे माणूस शेजारी बसावे लागेल. असे माणूस पोडावर शोधावे लागत नाही. दहावी-बारावी झालेल्या मुली तिथेही आहेत, मुंबईच्या बालसखींइतक्याच शिकलेल्या.